कॉन्टेस्टचा शनिवार उजाडण्याआधी: नव्या व्हीयू हॅम मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवरात्र आटोपलं की मला नव्या व्हीयू (म्हणजे भारतीय) हॅमचे ठरावीक फोन यायला लागतात. हौशी रेडिओचं लायसन्स हातात पडून वर्षही झालेलं नसतं, गच्चीवर कशीबशी एक वायर ताणलेली असते आणि ऑक्टोबरच्या शेवटी बँडवर अचानक जत्रा भरते. 'हे सगळे कोण? इतके भराभर काय बोलतात? मी मध्ये बोललो तर चालेल का?' तीच उत्तरं फोनवर देऊन कंटाळलो, म्हणून एकदाची लिहून काढली आहेत.

कॉन्टेस्ट म्हणजे नेमकं काय? बक्षीस काय मिळतं?

ठरलेल्या तासांत जास्तीत जास्त स्टेशनांशी आणि जास्तीत जास्त वेगवेगळ्या ठिकाणांशी संपर्क करायचा. बक्षीस म्हणजे बहुधा एक प्रमाणपत्र, तेही हल्ली स्वतःच डाउनलोड करून छापायचं. पैशाचा इथे काही संबंध नाही. हौशी रेडिओची व्याख्याच तशी आहे.

माझ्याकडे अजून लायसन्स नाही. नुसतं ऐकता येईल?

येईल, आणि आधी ऐकाच. नेदरलँड्सच्या एन्सखेडे गावातल्या ट्वेंटे विद्यापीठात एक वेबएसडीआर, म्हणजे इंटरनेटवरून ऐकायचा रिसीव्हर आहे, पहिल्यांदा २००८ मध्ये सुरू झालेला. ब्राउझर उघडा, १४ किंवा २१ मेगाहर्ट्झवर (म्हणजे २० किंवा १५ मीटरच्या बँडवर) जा, आणि तिथल्या अँटेनावर पडणारा सिग्नल इथे पुण्यात हेडफोन लावून ऐका. किवीएसडीआर नावाचे असेच छोटे रिसीव्हर जगभर विखुरलेले आहेत. मोठ्या कॉन्टेस्टच्या शनिवारी तासभर ऐकलंत की पुस्तकातला 'पाइलअप' (एकाच स्टेशनवर अनेकांनी एकदम तुटून पडणं) हा शब्द पुन्हा वाचायची गरज पडणार नाही.

एक सूचना मात्र लायसन्स मिळाल्यानंतरसाठी: स्वतः कॉन्टेस्टमध्ये उतरलात की हे दूरचे रिसीव्हर बंद. सीक्यू वर्ल्ड वाइड या कॉन्टेस्टचा नियम असा की तुमचे सगळे ट्रान्समीटर आणि रिसीव्हर ५०० मीटर व्यासाच्या एका वर्तुळात, किंवा मग तुमच्या स्वतःच्या जागेच्या हद्दीत हवेत. बोलायचं कोथरूडमधून आणि ऐकायचं हॉलंडमध्ये, हे चालत नाही.

वर्षभरात कोणत्या कॉन्टेस्ट धराव्यात?

ऑनलाइन कॅलेंडर उघडलंत तर दर शनिवार-रविवारी डझनभर सापडतील. सगळ्यांच्या मागे लागू नका. माझ्या मते नव्या माणसाला या पुरतात:

सीक्यू वर्ल्ड वाइड ही सगळ्यांत मोठी. फोन म्हणजे आवाजाची ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी, मोर्सची नोव्हेंबरच्या. १९४८ पासून चालत आली आहे. तिचीच धाकटी बहीण डब्ल्यूपीएक्स: मार्चअखेर फोन, मेअखेर मोर्स. हिच्यात देशांऐवजी कॉलसाइनचे (स्टेशनच्या अधिकृत ओळखनावाचे) प्रीफिक्स, म्हणजे सुरुवातीची अक्षरं-आकडे, गोळा करायचे असतात.

जुलैच्या दुसऱ्या पूर्ण वीकेंडला आयएआरयूची (हौशी रेडिओच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची) एचएफ चॅम्पियनशिप. ती फक्त २४ तासांची, त्यामुळे सोमवारी ऑफिसला माणसासारखं जाता येतं.

आणि मला सगळ्यांत आवडणारी, जपानच्या संस्थेची ऑल एशियन. मोर्सची जूनच्या तिसऱ्या वीकेंडला, फोनची सप्टेंबरच्या पहिल्या. तिच्यात रिपोर्टसोबत (सिग्नल कसा येतो ते सांगणारे आकडे, ५९ म्हणजे उत्तम) आपलं वय सांगायचं असतं! समोरून '५९ ८१' असा खणखणीत आवाज येतो आणि आपण खुर्चीत सावरून बसतो. बायकांचं वय विचारू नये हा संकेत नियमावलीनेही पाळला आहे: स्त्री ऑपरेटरांना वयाऐवजी ०० पाठवायची मुभा पूर्वीपासून आहे. जूनच्या कॉन्टेस्टची अडचण एकच. मृगाचा शेवट नि आर्द्राची सुरुवात. ८० मीटरवर नुसता कडकडाट असतो, आणि ढग जवळ आले की कोॲक्स (अँटेनाची केबल) रिगमधून, म्हणजे रेडिओ संचातून, काढून खिडकीबाहेर टाकावी लागते. गुणांसाठी रिग जाळून घेऊ नये.

आपल्या घड्याळात किती वाजता?

सीक्यू वर्ल्ड वाइड युटीसीप्रमाणे (जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे) शनिवारी ००:०० ला सुरू होते. म्हणजे आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेपाच ते सोमवारी पहाटे साडेपाच. आयएआरयू शनिवारी संध्याकाळी साडेपाच ते रविवारी साडेपाच.

लॉगमध्ये, म्हणजे संपर्कांच्या नोंदीत, वेळ युटीसीच हवी. माझा पहिला लॉग मी कागदावर लिहिला होता, भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे, आणि तसाच्या तसा टाइप करून पाठवला. प्रत्येक संपर्क साडेपाच तास पुढे. समोरच्याच्या लॉगमध्ये मी दुपारी, माझ्या लॉगमध्ये तो रात्री. तपासणीत त्या लॉगचं काय झालं असेल ते सांगायला नको.

नेमकं बोलायचं काय?

आपण समजतो त्याहून फार कमी. समजा जर्मनीतलं एखादं डीएल स्टेशन 'सीक्यू कॉन्टेस्ट' (सीक्यू म्हणजे 'कुणीही उत्तर द्या') पुकारतं आहे. तुम्ही फक्त आपला कॉलसाइन सांगायचा, एकदाच, आंतरराष्ट्रीय ध्वनिवर्णमालेत: 'व्हिक्टर युनिफॉर्म टू' आणि पुढची अक्षरं. त्याचा कॉलसाइन परत उच्चारायचा नाही, तो त्याला ठाऊक आहे. तो तुमचा कॉल म्हणेल आणि 'फाइव्ह नाइन वन फोर' देईल. तुम्ही 'फाइव्ह नाइन टू टू'. तो 'थँक यू' म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळेल. झालं.

ते २२ म्हणजे आपला सीक्यू झोन, जगाच्या विभागणीतला आपला विभाग. भारत, लक्षद्वीप, श्रीलंका, नेपाळ, भूतान, बांगलादेश, मालदीव हे सगळे २२ मध्ये. अंदमान-निकोबार मात्र २६ मध्ये. आयएआरयू कॉन्टेस्टमध्ये आयटीयूचा (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा) झोन सांगायचा असतो, तो आपल्याकडे ४१. दोन्हींची गल्लत दरवर्षी कुणीतरी करतंच. एका चिठ्ठीवर मोठा आकडा लिहून रिगवर चिकटवा.

हवापाणी, गाव, रिगचं मॉडेल, 'माझं पहिलंच कॉन्टेस्ट आहे' यातलं काहीही नको. मागे वीस जण ताटकळत असतात. सकाळच्या विरार लोकलच्या दारात उभं राहून ओळखीच्या माणसाची ख्यालीखुशाली विचारण्यासारखं ते होतं.

आवाज धड येत नसतानाही सगळे ५९ का देतात?

कारण लॉगिंग सॉफ्टवेअरमध्ये ते आधीच भरलेलं असतं आणि बदलायला कुणाला सवड नाही. '५९, पण तुमचा कॉल पुन्हा सांगा, काहीच ऐकू आलं नाही' हे वाक्य मी शब्दशः ऐकलं आहे. तो रिपोर्ट मनावर घेऊन आपली अँटेना फार भारी आहे असा समज करून घेऊ नका.

गुणांचं गणित काय?

सीक्यू वर्ल्ड वाइडपुरतं सांगतो. दुसऱ्या खंडातल्या स्टेशनला ३ गुण. आपल्याच खंडातल्या पण दुसऱ्या देशाला १. भारतातल्या भारतात ० गुण, पण झोन आणि देश म्हणून ते स्टेशनही मल्टिप्लायरला चालतं. प्रत्येक बँडवर मिळालेले वेगवेगळे झोन आणि वेगवेगळे देश यांची बेरीज म्हणजे मल्टिप्लायर. गुण गुणिले मल्टिप्लायर, हा स्कोअर.

समजा युरोप-आफ्रिका वगैरे मिळून १५० संपर्क झाले, म्हणजे ४५० गुण. आशियातले ४० म्हणजे ४० गुण. भारतातले १०, शून्य. एकूण ४९०. झोन ३०, देश ६०, मल्टिप्लायर ९०. स्कोअर ४४,१००. आता तुमच्यासमोर दोन स्टेशनं आहेत: आधीच मिळालेल्या जर्मनीतलं आणखी एक, आणि अजून न मिळालेल्या नेपाळचं एक. जर्मनीने स्कोअर २७० ने वाढेल. नेपाळचा गुण एकच, तरी स्कोअर ५८१ ने वाढतो. म्हणूनच अनुभवी माणसं मधूनच रन (एकाच फ्रिक्वेन्सीवर बसून सीक्यू देणं) सोडून बँडभर हिंडताना दिसतात.

आणि म्हणूनच तुमच्या 'व्हीयू'ला किंमत आहे. युरोपातल्या माणसाच्या दृष्टीने तुम्ही एका झटक्यात एक देश आणि एक झोन आहात. एखादी मोकळी फ्रिक्वेन्सी बघून धीर करून सीक्यू द्या. लोक तुमच्याकडे येतील.

माझ्याकडे १०० वॅट आणि सोसायटीच्या गच्चीवरचा डायपोल (वायरची साधी अँटेना) आहे. काही अर्थ आहे का?

१०० वॅट ही 'लो पॉवर' नावाची स्वतंत्र कॅटेगरी आहे. ५ वॅटपर्यंत क्यूआरपी. हाय पॉवरवाल्यांची १५०० वॅटची मर्यादा ही कॉन्टेस्टची झाली. आपल्याला बांधील आहे ते आपलं लायसन्स. त्यावर जो बँड, जो मोड आणि जेवढी पॉवर लिहिली आहे तेवढंच. ४० मीटरवर आपली हद्द ७.२०० मेगाहर्ट्झला संपते. अमेरिकेची ७.३०० पर्यंत जाते. क्लस्टरवर (कोण कुठे ऐकू येतंय याच्या ऑनलाइन यादीत) ७.२३० ला एखादं मस्त स्टेशन दिसलं म्हणून उत्साहात माइक दाबू नका.

गच्चीचं म्हणाल तर वायरपेक्षा नॉईज हा मोठा शत्रू. लिफ्टची मोटर, एलईडी दिवे, सोलरचे इन्व्हर्टर. अँटेना पाण्याच्या टाकीपासून आणि लिफ्टच्या खोलीपासून जितकी लांब नेता येईल तितकी न्या. सेक्रेटरींना एकदा घरी बोलावून चहा पाजा आणि जपानचं स्टेशन ऐकवा. परवानगीच्या अर्जापेक्षा याचा उपयोग जास्त होतो, स्वानुभव आहे.

पण टॉवरवाल्यांशी माझी बरोबरी कशी होणार?

होणार नाही. त्याच त्राग्यातून डब्ल्यूआरटीसी नावाची जागतिक स्पर्धा निघाली. पहिली १९९० मध्ये सिअ‍ॅटलला झाली. हल्ली एका परिसरात तंबू ठोकतात, सगळ्यांना सारख्या अँटेना आणि सारखी पॉवर देतात, प्रत्येक तंबूत एक पंच बसतो आणि कॉलसाइनही ऐनवेळी मिळतो, म्हणजे ओळखीपाळखीचा फायदा नको. २०१४ ला बोस्टन परिसरात, २०१८ ला जर्मनीत विटेनबर्गला, आणि २०२२ ची बोलोन्याची स्पर्धा लांबून २०२३ च्या जुलैत झाली. ती आयएआरयू कॉन्टेस्टच्याच २४ तासांत चालते, त्यामुळे गच्चीवरचा तुमचा डायपोल त्या जगज्जेत्यांच्या लॉगमध्ये सहज जाऊन बसतो.

कोणत्या वेळी कोणता बँड?

महाराष्ट्र-गोव्यातून ढोबळ मानाने असं: सकाळी १५ आणि १० मीटरवर पूर्वेकडे कान लावा, जपान, इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया. दुपारनंतर तेच बँड युरोपकडे वळतात. संध्याकाळी आपल्याकडे दिवेलागण असते तेव्हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळ असते. २० आणि १५ मीटरवर तिकडची दारं किलकिली होतात. अमेरिकेचा पश्चिम किनारा आपल्याला कायमच अवघड. वाट ध्रुवाजवळून जाते. अंधार पडला की ४० मीटर, आणि पहाटे सूर्योदयाच्या अलीकडे-पलीकडे अर्धा तास डोळे चोळत का होईना, ४० वरच बसा.

१० मीटरचं सगळं सूर्यावर आहे. सध्याचं सौरचक्र, क्रमांक २५, डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं आणि २०२४ च्या अखेरीस भरात होतं. आता उतार. व्होअकॅपसारख्या संकेतस्थळावर आपलं ठिकाण आणि पॉवर भरली की तासवार अंदाज मिळतो. तो हवामान खात्याच्या अंदाजासारखाच घ्यावा: छत्री जवळ ठेवावी, पण आकाशाकडेही बघावं.

डीएक्स क्लस्टर आणि रिव्हर्स बीकन वापरावं की नाही?

क्लस्टरवर माणसं लिहितात: अमुक स्टेशन, तमुक फ्रिक्वेन्सीवर. रिव्हर्स बीकन नेटवर्कवर यंत्रं लिहितात: जगभरातले रिसीव्हर मोर्समधले सीक्यू आपोआप वाचतात आणि किती डेसिबलने ऐकू आलं तेही टाकतात. अँटेना तपासायला याच्याइतकं स्वस्त साधन नाही. मोर्समध्ये दोनदा सीक्यू द्या आणि मिनिटभराने बघा, तुम्हाला कुणी कुणी ऐकलं.

कॉन्टेस्टमध्ये मात्र आधी कॅटेगरी ठरवा. सीक्यू वर्ल्ड वाइडमध्ये साध्या 'सिंगल ऑपरेटर'ला अशी कुठलीही मदत चालत नाही. घ्यायची तर 'असिस्टेड' म्हणून लॉग पाठवायचा. क्लस्टर उघडा ठेवून साध्या कॅटेगरीत नाव घालणं ही सरळ लबाडी आहे, आणि आयोजकांना ती तुमच्या लॉगच्या चालीवरून कळते: कान लावून हिंडणारा माणूस नवीन स्टेशन दिसताक्षणी २८ वरून ७ मेगाहर्ट्झवर उडी मारत नाही. स्वतःचीच जाहिरात क्लस्टरवर करायची की नाही, याचे नियम कॉन्टेस्टगणिक वेगळे आहेत. दर वेळी वाचा.

दुसरं म्हणजे, स्पॉटवर, म्हणजे क्लस्टरवरच्या अशा नोंदीवर, डोळे मिटून विश्वास नको. मोर्समधला २ म्हणजे डिट डिट डा डा डा आणि ३ म्हणजे डिट डिट डिट डा डा. एका टिंबाने व्हीयू२ चा व्हीयू३ होतो, आणि मग पन्नास जण तो चुकीचा कॉल न ऐकताच लॉगमध्ये भरतात. क्लस्टर फ्रिक्वेन्सी सांगतो. कॉल तुमच्याच कानांनी घ्यायचा.

लॉगिंगसाठी कोणतं सॉफ्टवेअर?

विंडोज असेल तर एन१एमएम लॉगर प्लस. फुकट आहे, शिकायला दोन संध्याकाळी लागतात. देशांची यादी आणि सुपर चेक पार्शलची फाइल (कॉन्टेस्टमध्ये नेहमी येणाऱ्या कॉलसाइनची यादी) शुक्रवारी अद्ययावत करा, शनिवारी पहाटे नव्हे. सॉफ्टवेअर झोन आपोआप भरतं, पण अमेरिकन कॉलवरून झोन ३, ४ की ५ हे खात्रीने कळत नाही. माणसं राज्य बदलतात, कॉल तोच ठेवतात. जे ऐकलं तेच लिहा.

लॉग पाठवल्यावर पुढे काय होतं?

कॅब्रिलो नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लॉग अपलोड करायचा. सीक्यू वर्ल्ड वाइडची मुदत पाच दिवस, म्हणजे आपल्याकडे पुढच्या शनिवारी पहाटे ५:२९. मग सगळ्यांचे लॉग एकमेकांशी ताडून बघतात. तुम्ही लिहिलेला संपर्क समोरच्याच्या लॉगमध्ये नसेल तर तो 'निल'. कॉल चुकीचा उतरवला असेल तर 'बस्ट'. यात तो संपर्क तर जातोच, वर दंडही बसतो. त्यामुळे शंका असेल तर दोन सेकंद खर्चून पुन्हा विचारणं अंदाजापेक्षा स्वस्त पडतं.

निकालासोबत तुमच्या नावाचा तपासणी अहवाल येतो. तो नीट वाचा. माझ्या अहवालात ओळीने तीन-चार ठिकाणी 'बी' आणि 'डी' यांची अदलाबदल निघाली तेव्हा मला कळलं, की हेडफोनवर मी उच्च स्वर फारच कापून ठेवले होते.

'३८३०' म्हणजे काय? सगळे तिथे स्कोअर टाकतात म्हणे.

अमेरिकेत कॉन्टेस्ट संपली की मंडळी ३८३० किलोहर्ट्झवर जमून एकमेकांना स्कोअर विचारायची. त्या कट्ट्याची पुढे ईमेलची यादी झाली, मग संकेतस्थळ झालं. नाव तेच राहिलं. तिथला स्कोअर हा दावा असतो, तपासणीआधीचा. अंतिम आकडा त्याहून थोडा खालीच येतो.

आकड्यांपेक्षा त्याखालच्या गप्पा वाचा. अर्ध्या गप्पा तक्रारींच्या: कंडिशन खराब, अँटेना फिरवणारा रोटेटर अडकला, ऐन वेळी पाहुणे आले. हापूसच्या बागायतदाराला कुठल्याही वर्षी विचारा, मोहोर कमीच असतो, तसंच हे. पण उरलेल्या अर्ध्यात सोनं असतं. कुणी कोणत्या तासाला कोणत्या बँडवर गेलं, कुठे वेळ फुकट गेला, बँडवार किती संपर्क झाले. तुमच्याच झोनमधल्या किंवा शेजारच्या देशातल्या, साधारण तुमच्याएवढ्याच अँटेनावाल्याचा तक्ता तुमच्या तक्त्याशेजारी ठेवा. मी असं पहिल्यांदा केलं तेव्हा दिसलं, की मी दुपारी एक ते तीन जेवून आडवा झालो होतो त्याच दोन तासांत त्याने १५ मीटरवर युरोप उपसला होता. सीक्यू वर्ल्ड वाइडचे लॉग तर नंतर जाहीरच होतात. विजेत्याचा अख्खा लॉग मिनिटामिनिटाने वाचता येतो.

स्वतःही लिहा. छोटं लिहा, खरं लिहा. कुणी फ्रिक्वेन्सी बळकावली म्हणून नाव घेऊन शिमगा करू नका. त्याच माणसाशी पुढच्या कॉन्टेस्टला गाठ आहे.

एफटी८ वर केलेले संपर्क चालतील का?

फोनच्या आणि मोर्सच्या कॉन्टेस्टमध्ये नाही. त्यासाठी वेगळ्या कॉन्टेस्ट आहेत, उदाहरणार्थ ऑगस्टअखेरीस वर्ल्ड वाइड डिजी. एफटी८ हे कॉम्प्युटरने पाठवायचं-वाचायचं डिजिटल तंत्र आलं २०१७ मध्ये; ते घडवणाऱ्या दोघांपैकी जो टेलर यांना १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेलं आहे. वर्ल्ड वाइड डिजीत ग्रिड, म्हणजे नकाशावरच्या आपल्या चौकोनाचा कोड, पाठवायची असते. पुणे एमके६८, पणजी एमके६५, नागपूर एमएल९१. मुंबईकरांनी जपून: १९ अंशांचं अक्षवृत्त वरळी-परळच्या आसपास शहरातून जातं. त्याच्या दक्षिणेला एमके६८, उत्तरेला एमके६९.

आम्हाला स्पर्धेत रस नाही. आमचा रविवारचा नेट (रेडिओवरची ठरलेल्या वेळेची बैठक) का बिघडवता?

तक्रार रास्त आहे. ३०, १७ आणि १२ मीटरवर कॉन्टेस्ट घेत नाहीत, हा जुना संकेत आहे. वर्षातले ते मोजके रविवार तिकडे सरका.

क्यूएसएल कार्डं (संपर्काच्या पुष्टीची कार्डं) येतील?

कार्डांची ने-आण करणाऱ्या ब्यूरोमार्फत येतात, सावकाश. बहुतेक कॉन्टेस्टवाले एआरआरएल या अमेरिकन हौशी संघटनेच्या लॉगबुक ऑफ द वर्ल्डवर लॉग चढवतात, २००३ पासून ती सोय आहे. तिथे खातं काढलंत की काही दिवसांतच पुष्टीचा पाऊस पडतो.

घरच्यांना काय सांगायचं?

आधी सांगायचं, एवढंच मला कळलं आहे. २०१९ मध्ये सीक्यू वर्ल्ड वाइडचा रविवार होता २७ ऑक्टोबर, आणि त्याच दिवशी पहाटेचं अभ्यंगस्नान नि संध्याकाळचं लक्ष्मीपूजन दोन्ही. मी पहाटेच्या ४० मीटरसाठी उठलो ते सगळ्यांना वाटलं उटण्यासाठी उठलो. संध्याकाळी समोरच्या तिन्ही इमारतींवर एलईडीच्या माळा लागल्या आणि रिसीव्हरचा काटा नॉईजनेच सातवर जाऊन बसला. फटाके बाहेर वाजताहेत की हेडफोनमध्ये, कळेना. रिग बंद केली, फराळाला बसलो. रात्री दोननंतर माळा विझल्या, आणि तेव्हा कुठे २० मीटर पुन्हा ऐकू आलं.

माझे फक्त ११ संपर्क झाले. लॉग पाठवू का?

पाठवा. त्या ११ जणांचे लॉग ताडायला तुमचाच उपयोग होणार आहे. यादीत नाव नकोच असेल तर 'चेकलॉग' म्हणून पाठवता येतो. फाइल तीच, वरच्या एका ओळीत कॅटेगरी बदलायची.